पास आहे का, पास?

मराठी माणूस नाटकवेडा आहे असं म्हणतात. मला याबद्दल थोडी शंका आहे. तो पासवेडा आहे. ओळखीचं कोणी नाटकात काम करत असेल तर पहिला प्रश्न 'प्रयोग कधी आहे?' हा नसतो, 'पास मिळतील का?' हा असतो. आणि गंमत म्हणजे ओळख जितकी जवळची, तितका हा प्रश्न जास्त हक्काने विचारला जातो. म्हणजे ज्याचं कौतुक सगळ्यात जास्त, त्यालाच आपण सगळ्यात कमी पैसे देणार. हे लॉजिक मला आजतागायत कळलेलं नाही.

आज हे उकरून काढायचं कारण म्हणजे माझ्या मित्रांचा बँड. पुण्यातलाच. चौघं जण, चौघंही नोकरी करणारे, त्यातले दोघं माझ्यासारखेच हिंजवडीचे हमाल. (बँडचं नाव मुद्दाम देत नाहीये. मला जाहिरात करायची नाहीये, भांडायचंय.) दोन वर्षांचे शनिवार-रविवार घालून त्यांनी आठ गाण्यांचा अल्बम तयार केलाय. पाठीशी कुठलंही लेबल नाही, कुणी निर्माता नाही. अल्बम पुढच्या महिन्यात येईल. किंमत ठेवलीय ३०० रुपये आणि आगाऊ नोंदणी सुरू केलीय.

त्यावर मित्रमंडळींकडून आलेले प्रतिसाद साधारण असे:

"भारीच रे! लिंक पाठव." (पाठवली.) "अरे ही नाही, फुकट ऐकायची."

"स्पॉटिफायवर येणारच आहे ना? मग विकत कशाला?"

"तुम्ही काय पोटासाठी थोडीच करताय? पॅशन आहे ना तुमची?"

आणि सगळ्यात अभ्यासू प्रतिसाद: "इंडियन ओशनने नाही का अख्खा अल्बम फुकट दिला होता? तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

हे बोलणारे लोक वाईट नाहीत. सुशिक्षित आहेत, बरा पगार आहे, संगीताची आवडही आहे. म्हणूनच यांच्याशी भांडायला मजा आहे. तर एकेक मुद्दा घेऊ.

आधी हिशोब

अल्बमची 'तयारी' म्हणजे काय, याची बहुतेकांना कल्पना नसते. चौघं एका खोलीत जमले, वाजवलं, कोणीतरी रेकॉर्डचं बटण दाबलं, झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात ड्रम्स वेगळे, बास वेगळा, गिटार वेगळी, गाणं वेगळं रेकॉर्ड होतं. ड्रम्स घरी रेकॉर्ड करता येत नाहीत, कारण दहा-बारा माइक लागतात आणि खालच्या मजल्यावर जोशीकाकू राहतात. त्यामुळे स्टुडिओ घ्यावा लागतो. मग मिक्सिंग, म्हणजे पन्नास-साठ ट्रॅक एकमेकांच्या पायात पाय न अडकवता एकत्र उभे करायचे. मग मास्टरिंग, म्हणजे आठही गाणी एकाच अल्बममधली वाटावीत, एक कानात ओरडतंय आणि दुसरं कुजबुजतंय असं होऊ नये. मग मुखपृष्ठ. मग प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी कोड. स्पॉटिफायवर बँडला स्वतः गाणं चढवता येत नाही, मध्ये वितरक लागतो, तो वर्षाचे पैसे घेतो. त्याच्याकडे सगळं तीन-चार आठवडे आधी द्यावं लागतं. एका गाण्याच्या श्रेयनामावलीत एका नावाचं स्पेलिंग चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आपल्यापैकी ज्यांनी सॉफ्टवेअरचं रिलीझ केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की आपल्याला रिलीझनंतर पॅच देता येतो. गाण्याला पॅच नसतो. चुकलेला सूर कायमचा चुकलेला.

मित्रांचा खर्च मी त्यांच्या एक्सेल शीटमधून उतरवून घेतलाय (त्यांच्या परवानगीने). स्टुडिओ ४५ हजार. मिक्सिंग गाण्यामागे ८ हजार, म्हणजे ६४ हजार. मास्टरिंग गाण्यामागे दीड हजार, म्हणजे १२ हजार. मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकार मुलीला १५ हजार. (तिला 'तुझं नाव होईल' असं सांगून फुकट करून घेतलं नाही, याबद्दल मला या चौघांचा विशेष आदर आहे.) वितरक आणि किरकोळ ४ हजार. एकूण १ लाख ४० हजार. यात त्यांच्या दोन वर्षांच्या सरावाची मजुरी शून्य, वाद्यांची किंमत शून्य, पेट्रोल शून्य धरलंय.

आणि हे सगळे पैसे अल्बम यायच्या आधी खर्च झालेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"आम्ही ऐकतो ना स्ट्रीमिंगवर!"

आपल्याकडे एका वेळच्या ऐकण्यामागे मिळतात ते पैसे. रुपये नव्हे, खरोखरचे पैसे, जे आता दुकानदारही परत देत नाही. समजा, अगदी उदार होऊन एका वेळेला दहा पैसे धरले. १ लाख ४० हजार रुपये फिटायला १४ लाख वेळा ऐकलं गेलं पाहिजे. आठ गाण्यांत वाटलं तर प्रत्येक गाणं पावणेदोन लाख वेळा. पुण्यातल्या नव्या बँडचं गाणं, ज्यात हिरो नाही, हिरॉइन नाही, रीलवर नाचायला ठेका नाही.

आता दुसरी बाजू बघा. ३०० रुपयांचा अल्बम बँडकॅम्पसारख्या ठिकाणी विकला तर दुकान डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं. हातात आले २५५. (पेमेंटचा खर्च वेगळा, तो तूर्त सोडा.) किती माणसं लागली? साडेपाचशे. बस्स! बालगंधर्व रंगमंदिर पूर्ण भरायलासुद्धा नको. एकीकडे चौदा लाख वेळा, दुसरीकडे साडेपाचशे माणसं. ज्याने कोणी एकदा तरी ऑप्टिमायझेशन केलंय त्याला कुठला मार्ग धरावा हे सांगायची गरज नाही.

"पण मी स्पॉटिफायला पैसे भरतो, आणि मी तर फक्त यांचीच गाणी ऐकतो!" हो, पण तुमचे पैसे यांना जात नाहीत. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. बहुतेक सेवांमध्ये सगळ्यांची वर्गणी एकाच हंड्यात पडते, आणि एकूण ऐकण्यातला ज्याचा जितका वाटा, तितका पैशातला वाटा.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका सेवेचे दहाच ग्राहक आहेत, प्रत्येकी १०० रुपये. झाले हजार. सेवेने स्वतःचे ३० टक्के काढले, उरले ७००. तुम्ही महिनाभर फक्त आपल्या बँडची गाणी ऐकली, ५० वेळा. बाकीचे नऊ जण दिवसभर सिनेमाची गाणी लावून ठेवतात, प्रत्येकी ५५० वेळा. एकूण ऐकणं ५०००. त्यात बँडचा वाटा एक टक्का. म्हणजे बँडला मिळाले ७ रुपये. तुमच्या शंभरातले सत्तर वाटपाला निघाले होते, आणि तुम्ही दुसरं काही ऐकलंच नव्हतं. उरलेले त्रेसष्ट गेले कुठे? तुम्ही एकदाही न ऐकलेल्या गाण्यांना. यात चोरी कोणी केलेली नाही, पद्धतच तशी आहे.

त्यावर कडी म्हणजे २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळणार नाहीत. म्हणजे नऊशे नव्याण्णव वेळा ऐकलं तरी शून्य.

शिवाय या सेवांचा भरवसा काय? रेसो भारतात जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद करायचं जाहीर केलं. लोकांनी तिथे वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्यांनी बाडबिस्तरा गुंडाळला. विकत घेतलेली फाइल तुमच्या डिस्कवर पडून राहते. बँडकॅम्पसुद्धा काही देवमाणूस नाही, हेही सांगून टाकतो. २०२२ मध्ये ते एपिक गेम्सने घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकलं गेलं आणि जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. उद्या तेही बंद पडू शकतं. पण उतरवून घेतलेलं गाणं आणि बँडच्या खात्यात पडलेले २५५ रुपये कोणी परत नेऊ शकत नाही.

स्ट्रीमिंग वापरू नका असं मी म्हणत नाहीये. मीही वापरतो, रोज, बसमध्ये. नवीन काही सापडायला झकास आहे. फक्त त्याला 'सपोर्ट' म्हणू नका. दुकानाच्या काचेतून मिठाई बघण्याला आपण हलवायाला आधार देणं म्हणत नाही.

"इंडियन ओशनने फुकट दिला होता"

दिला होता. अगदी खरंय. आता तो कोणी दिला, कधी दिला, आणि त्याआधी काय काय झालं तेही बघू.

इंडियन ओशन सुरू झाला १९९० मध्ये, दिल्लीत. गिटारवर सुश्मित सेन, तबला आणि गाणं असीम चक्रवर्ती. पुढे बासवर राहुल राम आले. हा माणूस अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला. (त्यांचं 'माँ रेवा' ऐकताना हे माहीत असलं की गाणं वेगळंच लागतं. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या अंगाने वाहणारी.) मग १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम. झाली चौकडी.

पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीकडून आला. दुसरा 'डेझर्ट रेन' १९९७ चा. तो स्टुडिओत केलेला नाहीच. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या 'सहमत'च्या कार्यक्रमातलं ते थेट रेकॉर्डिंग आहे. म्हणजे बँड सुरू होऊन सात वर्षं झाली, आणि नावावर अल्बम दोन. तिसरा 'कंदिसा' आला २००० मध्ये, टाइम्स म्युझिककडून, आणि तेव्हा कुठे देशभर नाव झालं. मग २००३ मध्ये 'झीनी'. मग 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत. तो सिनेमा कोर्टकचेऱ्यांत अडकून २००७ मध्ये लागला.

आणि मग २०१० मध्ये, वीस वर्षांनंतर, त्यांनी '१६/३३० खजूर रोड' हा सात गाण्यांचा अल्बम लेबलविना, दर महिन्याला एक गाणं या हिशोबाने, फुकट डाउनलोडला ठेवला. १६/३३० खजूर रोड हा करोलबागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता, जिथे त्यांनी वर्षानुवर्षं सराव केला. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. अल्बममध्ये त्यांचा आवाज आहे, अल्बम येताना ते नव्हते.

आता मला सांगा, हे उदाहरण कुठल्या तोंडाने तुम्ही नव्या बँडच्या अंगावर फेकता? इंडियन ओशनने फुकट दिला तेव्हा त्यांच्यामागे दोन दशकांचे कार्यक्रम होते, देशभर श्रोते होते, तिकीट काढून येणारे लोक होते. गाणं फुकट दिलं तरी कार्यक्रमांवर घर चालणार होतं. कंपन्यांच्या दारात हक्क गहाण ठेवण्यापेक्षा थेट श्रोत्याला देऊ, हा त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय होता. तो देणाऱ्याचा निर्णय होता, घेणाऱ्याची मागणी नव्हती. दान आणि खंडणी यात फरक काय? दोन्हीकडे पैसे या खिशातून त्या खिशात जातात. फरक एवढाच की ठरवलं कोणी.

हेच रेडिओहेडचं. १० ऑक्टोबर २००७ ला त्यांनी 'इन रेनबोज' 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून डाउनलोडला ठेवला आणि जगभर बोभाटा झाला. आता अल्बमचं भविष्य हेच, असं सगळ्या पंडितांनी सांगून टाकलं. पण त्याआधी ईएमआयच्या छत्राखाली त्यांचे सहा अल्बम आले होते आणि त्यांना जग ओळखत होतं. आणि पुढचा अल्बम २०११ मध्ये आला तेव्हा त्यांनी काय केलं? गपचूप किंमत ठरवली आणि त्या किमतीला विकला. हा भाग कोणी सांगत नाही.

फुकटची आणखी एक गोष्ट आठवते. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने यूटूचा नवा अल्बम पन्नास कोटी ग्राहकांच्या खात्यात न विचारता टाकला. फुकट! लोक इतके भडकले की अल्बम काढून टाकायचं वेगळं साधन ॲपलला आठवड्याभरात द्यावं लागलं. आणि यूटूला ॲपलने त्याचे पैसे मोजले होते बरं का. म्हणजे ज्याला फुकट मिळालं त्याला नको होतं, आणि ज्याने दिलं त्याने फुकट दिलेलं नव्हतं. :-)

"पॅशन आहे ना तुमची?"

हा माझा सगळ्यात नावडता मुद्दा. पॅशन म्हणजे काय पगाराची बदली आहे? मला कोडिंग मनापासून आवडतं. म्हणून एक तारखेला मॅनेजरने येऊन "तुला तर आवडतंच की हे" म्हणत पगार ठेवून घेतला तर मी काय करीन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्टीव्ह अल्बिनी नावाचा एक अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनियर होता. २०२४ मध्ये गेला. निर्वाणाचा १९९३ चा 'इन युटेरो' त्याने रेकॉर्ड केला.  विक्रीतला वाटा घ्यायला त्याने साफ नकार दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मला प्लंबरसारखे पैसे द्या, काम केलं, मजुरी घेतली, गाणं तुमचं. तो वाटा केवढा झाला असता याचा अंदाज कोणीही करू शकतं, तरी सोडला. मला या गोष्टीतला त्याग महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की त्याने संगीतातल्या कामाला काम म्हटलं. पाइप जोडणं हे काम, तसं माइक लावणंही काम. आपण प्लंबरला "तुमची पॅशन आहे ना?" असं विचारत नाही. विचारून बघा एकदा.

आणि ही खोड फक्त श्रोत्यांना असते असंही नाही, कलाकारही त्यातून सुटत नाहीत. २०१२ मध्ये अमांडा पामर या गायिकेने अल्बमसाठी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले. जवळपास २५ हजार लोकांनी मिळून सुमारे १२ लाख डॉलर दिले. म्हणजे लोक अल्बमसाठी आधी पैसे देतात, हे ज्यांना पुस्तकी वाटतं त्यांच्यासाठी सणसणीत पुरावा. पण पुढे दौऱ्यावर तिने गावोगावच्या वादकांना बोलावलं ते बिअर आणि मिठीच्या मोबदल्यात. एवढा गदारोळ झाला की शेवटी तिने पैसे दिले. गदारोळ झाला हे उत्तम झालं. आपल्याकडे असं कोणी बोलावलं तर लोक वर स्वतःच्या पैशाने रिक्षा करून जातात.

"ओपन सोर्स फुकट असतं की!"

हा मुद्दा आमच्या जातभाईंचा, म्हणजे इंजिनियरांचा. गणेशोत्सवात ओपन सोर्सवर भाषण देणाऱ्या एका मित्राने मला हे ऐकवलं. लिनक्स फुकट आहे, मग गाणं का नको?

अरे बाबा, लिनक्स फुकट *मिळतं*. फुकट *बनत* नाही. कर्नलमधलं बहुतेक काम मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनियर करतात. ज्यांना कोणी पगार देत नाही त्यांचं काय होतं तेही आपण पाहिलंय. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड सापडलं तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटच्या कुलपाचा हा कारखाना मूठभर लोक चालवतात आणि त्यांना वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळतात. सगळं जग त्या कुलपाच्या भरवशावर बँकेचे व्यवहार करत होतं. दोष कोणाचा? फुकट वापरणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. तेव्हा ओपन सोर्सचं उदाहरण देत असाल तर पूर्ण द्या. ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

"आधी ऐकू दे, आवडलं तर घेऊ"

हा एकच मुद्दा मला रास्त वाटतो. न ऐकता पैसे का द्यायचे? पण त्याची सोय आहे. मित्रांनी आठपैकी दोन गाणी पूर्ण ऐकायला ठेवली आहेत. दोन आवडली नाहीत तर घेऊ नका, काहीच राग नाही. नाही आवडलं म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो. माझं भांडण 'काय कमाल आहे राव' म्हणून पाठीवर थाप मारणाऱ्या आणि मग फुकटची लिंक मागणाऱ्या माणसाशी आहे.

आणि आधी पैसे देण्याची आपल्याला सवय नाही, असं तर मुळीच म्हणू नका. 'प्रकाशनपूर्व सवलत' हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेचे आपण लोक आहोत. मोठमोठे खंड, कोश, समग्र वाङ्मय, पुस्तक हातात यायच्या आधी, कधी कधी छापून व्हायच्याही आधी, आपल्या आजोबांनी मनीऑर्डरी करून नोंदवले आहेत. का? कारण त्यांना कळत होतं की कागद आधी लागतो, शाई आधी लागते, जुळाऱ्याला पगार आधी द्यावा लागतो. वाचक पैसे घेऊन नंतर येणार असेल तर पुस्तक मुळात होणारच नाही. बँडची आगाऊ नोंदणी म्हणजे दुसरं काय आहे? वर मी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच, पैसे आधी खर्च होतात. नोंदणी करणारा माणूस फक्त आठ गाणी घेत नाही. पुढचा अल्बम होणार की नाही, हे तो ठरवत असतो.

"आपल्या लोकांना परवडत नाही" हेही ऐकलंय. कोणाला परवडत नाही? सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाऊन बघा, नाहीतर नागपूरला दीक्षाभूमीवर. दूरदूरच्या गावांतून, अनारक्षित डब्यात उभं राहून आलेली माणसं तिथून काय घेऊन जातात? पुस्तकं. आणि भीमगीतांच्या कॅसेट, नंतर सीड्या. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी गायलेली गाणी, ज्यांना कुठल्या मोठ्या वाहिनीने कधी दारात उभं केलं नाही, ती या गाळ्यांवर आणि पथाऱ्यांवर विकली गेली, घराघरात वाजली. 'इंडिपेंडंट म्युझिक' हा शब्द कोरेगाव पार्कात येण्याच्या कितीतरी आधी. त्या माणसाने खिशातून मोजून पैसे काढून दिले, कारण हे गाणं आपलं आहे आणि ते जगलं पाहिजे, हे त्याला सांगावं लागलं नाही. आणि आपण, कॉफीला अडीचशे रुपये मोजून वर फोटो काढणारे, विचारणार "फुकटची लिंक आहे का?" परवडण्याचा प्रश्नच नाहीये, राव. दानत नाही म्हणा.

जो खरंच शिकतोय, ज्याची नोकरी गेलीय, ज्याच्या घरी अडचण आहे, त्याने खुशाल फुकट ऐकावं. कुठलाही बँड त्याला नाही म्हणणार नाही. हे सगळं मी ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांना उद्देशून लिहितोय.

मग करायचं काय?

फार काही नाही. वर्षातून चार अल्बम विकत घ्या. लेबल नसलेल्या बँडचे, आपल्या गावातल्या असतील तर उत्तमच. नोंदणी सुरू असेल तेव्हा घ्या, नंतर नव्हे. कार्यक्रमाला जाल तेव्हा तिकीट काढून जा, आणि ओळखीचा बँड असेल तर आवर्जून तिकीट काढा. ओळख म्हणजे सवलत नव्हे, ओळख म्हणजे जबाबदारी. गाणं आवडलं तर वाजवणाऱ्याचं, मिक्स करणाऱ्याचं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं नाव वाचा. फाइलसोबत ती नावं येतात, ती कोणीतरी जागून टाइप केलेली असतात.

असं केल्याने हा बँड मोठा होईल का? सांगता येत नाही. बहुतेक बँड मोठे होत नाहीत. चौघांपैकी एकाचं लग्न ठरतं, दुसरा बंगलोरला जातो, आणि सरावाच्या खोलीचं भाडं परवडेनासं होतं. पण दुसरा अल्बम न होण्याची कारणं लग्न आणि बंगलोर असावीत. साडेपाचशे माणसं मिळाली नाहीत, हे कारण असू नये. चाळीस लाखांच्या वर वस्तीच्या शहराला ते शोभत नाही.

बघा पटतंय का. नसेल पटत तर खुशाल भांडायला या, मी शनिवारी मोकळा असतो. फक्त येताना तिकीट काढून या. पास नाहीत.